डीएसपी बसवला, तरी आवाज जागेवर येत नाही: शोध कुठून सुरू करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडीचं मूळ हेड युनिट (डॅशबोर्डवरचा म्युझिक प्लेयर) तसंच ठेवून आठ चॅनेलचा डीएसपी (आवाजाचा सिग्नल हवा तसा घडवणारा डिजिटल प्रोसेसर) बसवला. पुढच्या दारांत मिडबास (मधल्या आणि खालच्या सुरांचे स्पीकर), ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, ट्विटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर), डिकीत सब (खोल बेसचा स्पीकर), आणि प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ॲम्प चॅनेल. टेपने अंतरं मोजून डिले (प्रत्येक स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडायचा ती वेळ) भरले, ऑटो ट्यूनही (आपोआप होणारी सेटिंग) चालवून पाहिलं. तरीही गायकाचा आवाज ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातूनच येतो. सब सुरू केला की बेस वाढण्याऐवजी कमी होतो. गाणं थांबलं की ट्विटरमधून 'स्स्स' ऐकू येतं आणि इंजिन सुरू केलं की शिट्टी. डीएसपीच खराब निघाला का?

बहुधा नाही. या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली एकही इक्वलायझरच्या पडद्यावर सुटणारी नाही. डीएसपी त्याला जे मिळेल त्यावरच काम करतो. आत येणारा सिग्नलच वाकडा असेल, तर पुढचं सगळं मोजमाप त्या वाकडेपणाला धरून होतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये दोष डीएसपीच्या आधी किंवा नंतर होता, डीएसपीत नव्हता. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी येणारा सिग्नल, मग गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), मग 'स्स्स' आणि शिट्टी, मग क्रॉसओव्हर (कोणता स्पीकर कोणते सूर वाजवणार ती वाटणी), पोलॅरिटी (स्पीकरचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सरळ की उलटे) आणि डिले, आणि इक्वलायझर सगळ्यात शेवटी.

सुरुवात करताना आत्ताची सेटिंग वेगळ्या नावाने साठवून ठेवा आणि कोरा प्रीसेट उघडा. पण त्याआधी ट्विटरच्या ॲम्पचे आरसीए (डीएसपीकडून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या केबल) काढून ठेवा. कोऱ्या प्रीसेटमध्ये क्रॉसओव्हरही कोरा असतो, म्हणजे ट्विटरला सरळ पूर्ण बेस जातो. ट्विटर जळायला एक गाणंसुद्धा लागत नाही. मी प्रत्येक ॲक्टिव्ह, म्हणजे स्वतंत्र ॲम्प चॅनेलवर चालणाऱ्या, ट्विटरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर टाकतोच. ४ ओहमच्या ट्विटरवर तो साधारण ८५० हर्ट्झच्या खालचं उतरवत नेतो, त्यामुळे ३००० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला फारसा धक्का लागत नाही. पण ॲम्प सुरू होतानाचा ठोका आणि चुकून आलेला डीसी त्याच्यामुळे अडतो.

हेड युनिटमधलं बेस, ट्रेबल, लाउडनेस, सराउंड आणि वेगानुसार वाढणारा व्हॉल्यूम हे सगळं बंद करा. एवढ्याने सिग्नल सरळ झाला असं मात्र समजू नका. मूळ हेड युनिट किंवा त्याचा ॲम्प गाडीसोबतच्या छोट्या स्पीकरांना सांभाळण्यासाठी बनवलेला असतो. व्हॉल्यूम वाढला की तो बेस गुपचूप कापतो. दारांच्या चॅनेलमध्ये आधीच हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) असू शकतो. काही गाड्यांत एका बाजूला ऑल-पास फिल्टर असतो. त्याने पातळी बदलत नाही, फक्त फेज (लाटेची वेळेतली जागा) वळते, त्यामुळे साध्या आलेखात तो दिसतही नाही.

हे तपासायची सोपी पद्धत अशी. सगळे ॲम्प बंद ठेवा. डीएसपीच्या एका आउटपुटवरचे सगळे फिल्टर काढा, पातळी खाली ठेवा आणि तो आरसीए लॅपटॉपच्या लाइन-इनला जोडा. हेड युनिटवर पिंक नॉइज वाजवा. त्यात प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते, त्यामुळे आरटीएवर (कोणत्या पट्ट्यात किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) ती आडव्या रेषेसारखी दिसायला हवी. हलका, मध्यम आणि मोठा अशा तीन व्हॉल्यूमवर आलेख साठवा आणि एकावर एक ठेवून पाहा. रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मोफत होतं. तिन्ही रेषा एकाच आकाराच्या असतील तर नशीबवान आहात. मोठ्या व्हॉल्यूमला बेस खाली घसरत असेल, तर तुमचा 'बेस कमी होतो' हा अर्धा प्रश्न इथेच सापडला.

त्यानंतरची चाचणी लोक टाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. पिंक नॉइज मोनो असू द्या. डीएसपीच्या त्या आउटपुटवर आधी फक्त डावा इनपुट पाठवा आणि आलेख घ्या. मग फक्त उजवा. मग दोन्ही एकत्र. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळलेल्या असतील, तर एकत्र केल्यावर सगळीकडे सारखे ६ डेसिबल वाढतात. एखाद्या पट्ट्यात वाढ न होता घट झाली, तर तिथे येणाऱ्या सिग्नलचीच फेज वळलेली आहे. सगळीकडेच घट झाली, तर एका बाजूच्या वायरा उलट्या जोडल्या आहेत.

एका गाडीत मी तीन संध्याकाळी २५० हर्ट्झच्या आसपासच्या खड्ड्यामागे घालवल्या. डिले हलवला, दाराला डॅम्पिंग केलं, मिडबास बदलून पाहिला. खड्डा जागेवरच. शेवटी ही बेरीज करून पाहिली तेव्हा तोच खड्डा स्पीकर न जोडता, नुसत्या वायरीतून येणाऱ्या सिग्नलमध्ये दिसला. मूळ ॲम्पमध्ये एका बाजूला ऑल-पास होता. तसाच ऑल-पास दुसऱ्या बाजूच्या चॅनेललाही लावला, दोन्ही बाजू सारख्या वळल्या आणि खड्डा भरला. तेव्हापासून ही चाचणी केल्याशिवाय मी डिलेला हात लावत नाही.

स्पीकरच्या वायरांवरून सिग्नल घेत असाल, तर आणखी दोन गोष्टी. मूळ ॲम्पच्या आउटपुटच्या दोन्ही वायरा जिवंत असतात. त्यातली 'निगेटिव्ह' ही गाडीचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोड) नव्हे. ती बॉडीला जोडलीत तर ॲम्प जळू शकतो. दुसरं म्हणजे काही हेड युनिट समोर स्पीकर आहे का ते तपासतात. डीएसपीचा इनपुट त्यांना 'काहीच जोडलेलं नाही' असा वाटतो आणि ते चॅनेल बंद करतात. आवाज मधेच जात असेल आणि परत येत असेल, तर हे कारण तपासा. योग्य वॉटेजचा लोड रेझिस्टर (स्पीकर जोडलेला आहे असं भासवणारा) समांतर लावला की ते थांबतं. मूळ ट्विटर आणि मूळ वूफरच्या वायरा वेगवेगळ्या मिळत असतील, तर डीएसपीत त्या एकत्र करून पूर्ण पट्टा बनवता येतो. पण वरची बेरजेची चाचणी त्या जोडीवरही करा, कारण मूळ ॲम्पने त्या दोघींमध्येही डिले टाकलेला असू शकतो.

आता गेन. ० डेसिबलला रेकॉर्ड केलेला १ किलोहर्ट्झचा साइन टोन वाजवा आणि हेड युनिटचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवत ऑसिलोस्कोपवर (सिग्नलच्या लाटेचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहा. लाटेचा माथा ज्या पायरीला सपाट होऊ लागतो, त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली तुमची कमाल मर्यादा. ती लिहून ठेवा, आणि त्या पायरीवर डीएसपीचा इनपुट क्लिपच्या (लाटेचा माथा कापला जाण्याच्या) किंचित खाली राहील अशी त्याची संवेदनशीलता लावा. मग ॲम्प. ट्विटर, मिडबास, सब सगळे सोडवून ॲम्पच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीला लावा. हवे असलेले व्होल्ट म्हणजे वॉट गुणिले ओहमचं वर्गमूळ: ४ ओहमवर १०० वॉटसाठी २० व्होल्ट. साध्या मल्टिमीटरला उंच वारंवारिता नीट मोजता येत नाही, म्हणून सब आणि मिडबाससाठी ५० ते १०० हर्ट्झच्या मधला टोन घ्या.

ट्विटरमधली 'स्स्स' इथेच जाते. ट्विटर त्याच वॉटला मिडबासपेक्षा मोठा वाजतो, म्हणून बहुतेक जण डीएसपीत त्याची पातळी १० ते १२ डेसिबलने खाली आणतात आणि ॲम्पचा गेन आहे तसाच ठेवतात. त्याने गाणं लहान होतं, पण डीएसपीच्या आउटपुटचा स्वतःचा मूळ आवाज ॲम्प पूर्वीइतकाच मोठा करून ट्विटरला देतो. उलट करा. डीएसपीची पातळी शून्याजवळ आणा आणि ॲम्पचा गेन तितका खाली घ्या. गाणं आहे तेवढंच राहील आणि सुसकारा जवळजवळ तेवढ्याच डेसिबलने उतरेल. एवढ्यानेही राहिला, तर आधीच्या टप्प्यात, म्हणजे हेड युनिट फार हळू आणि इनपुट फार संवेदनशील अशी जोडी झाली आहे का ते पाहा.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची. ती ऐकून लगेच फिल्टर विकत घेऊ नका. आधी ती कुठून आत शिरते ते शोधा. लॅपटॉप चार्जरवर लावून डीएसपीला यूएसबीने जोडला असेल, तर चार्जर काढा. कित्येक गुणगुणी तिथेच संपतात, आणि लोक मात्र गाडीची वायरिंग उसवत बसतात. आवाज राहिला तर ॲम्पचे आरसीए काढून त्या जागी शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं एकत्र जोडणारी टोपी) लावा. तरीही शिट्टी असेल तर दोष ॲम्पच्या पॉवर, अर्थ किंवा स्पीकर वायरीत आहे. गेली असेल तर आरसीए परत लावा आणि डीएसपीचे इनपुट काढून पाहा. इनपुट काढल्यावर गेली, तर ती हेड युनिटकडून येते. नाही गेली, तर डीएसपीचा अर्थ किंवा आरसीए केबल.

अर्थची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आखूड, आणि पॉवर वायरइतकीच जाड हवी. सीटच्या पट्ट्याच्या किंवा सीटच्या बोल्टला अर्थ बांधू नका, तो बोल्ट माणसाचा जीव सांभाळायला आहे. डीएसपी आणि ॲम्प शक्यतो एकाच ठिकाणी अर्थ करा. मग गाणं जोरात चालू असताना ॲम्पचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधलं डीसी व्होल्टेज मोजा. माझी स्वतःची मर्यादा ०.१ व्होल्टची. त्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर जोड कच्चा आहे. आणि पॉवर वायरचा मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, अर्ध्या मीटरच्या आत हवाच. तो नसेल तर आवाजाचं नंतर बघू, आधी फ्यूज लावा.

एवढं झाल्यावर क्रॉसओव्हर. मी लिंकविट्झ-रायली २४ डेसिबलने (प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल उतरणाऱ्या फिल्टरने) सुरुवात करतो. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या रचनेत दोन्ही फिल्टर छेदाच्या (जिथे एका स्पीकरचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या) जागी ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणून दोघांची बेरीज सपाट येते. १२ डेसिबलचा उतार वापरलात तर दोघांपैकी एकाची पोलॅरिटी उलटावी लागते, हे विसरून पुष्कळ जण छेदाच्या जागी खड्डा पाडून घेतात. हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्षात स्पीकरचा स्वतःचा उतारही त्यात मिसळतो. सबचा छेद ८० हर्ट्झ, ट्विटरचा त्याच्या रेझोनन्सच्या (नैसर्गिक कंपनाच्या वारंवारितेच्या) किमान दुप्पट, हे सुरुवातीचे आकडे. २४ डेसिबलच्या दुमार्गीत (मिडबास आणि ट्विटर अशा दोन भागांत) मी शक्यतो २५०० ते ३५०० मध्ये राहतो.

इथून गायकाच्या आवाजाचा प्रश्न. कान दिशा दोन प्रकारे ओळखतो: साधारण १५०० हर्ट्झच्या खाली मुख्यतः दोन्ही कानांत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून आणि त्याच्या वर मुख्यतः पातळीतल्या फरकावरून. त्यामुळे डिले बरोबर असूनही जवळचा ट्विटर ३ डेसिबल मोठा असेल, तर आवाज त्याच्याकडे ओढला जाणारच. आणि पातळी सारखी असूनही मिडबासचा डिले चुकला असेल, तर गायकाचा गळा दारात आणि ओठ डॅशबोर्डवर असं होतं.

डिलेचा हिशोब असा. ध्वनी २० अंश सेल्सियसला एका मिलिसेकंदात ३४.३ सेंटिमीटर जातो. सगळ्यात लांबच्या स्पीकरला शून्य, बाकीच्यांना त्यांच्या अंतरातला फरक भागिले ३४.३. समजा डोक्यापासून सब १९० सेंटिमीटर, लांबचा मिडबास १४२, जवळचा ९६, लांबचा ट्विटर १२५, जवळचा ८८. मग सबला ०, लांबच्या मिडबासला १.४०, जवळच्याला २.७४, लांबच्या ट्विटरला १.९०, जवळच्याला २.९७ मिलिसेकंद. सगळ्यात जवळच्याला सगळ्यात जास्त डिले. काही डीएसपींमध्ये अंतर भरायचं असतं, काहींमध्ये डिले. अंतराच्या चौकटीत डिले किंवा डिलेच्या चौकटीत अंतर भरलं गेलं की सगळं उलटं बसतं. तुमच्याकडे आवाज जवळच्या दाराला चिकटलेला आहे, म्हणून ही चूक मी सगळ्यात आधी तपासेन.

मग कानाने तपासा, एका वेळी एकच जोडी. बाकी सगळे म्यूट. दोन्ही मिडबासवर मोनो आवाज, शक्यतो माणसाचं बोलणं. ते समोर मधोमध, मुठीएवढ्या जागेतून यायला हवं. आवाज पसरट, डोक्याच्या आतून आल्यासारखा, जागा न सापडणारा वाटला तर एकाची पोलॅरिटी उलटी आहे. उलटवून पाहा, फरक लगेच कळतो. नुसता एका बाजूला सरकलेला असेल तर डिले ०.०५ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी हलवा. ४८ किलोहर्ट्झवर चालणारा डीएसपी एका सॅम्पलमध्ये साधारण ७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे यंत्राकडे पुरेशी बारकाई आहे. मिडबास मधोमध आले की तसंच ट्विटर, पण तिथे पातळीवर जास्त भर द्या. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मधोमध आल्याशिवाय एकत्र वाजवू नका.

सबला टेपचं मोजमाप पुरत नाही. लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवणारा) स्वतःच सिग्नल उशिरा सोडतो, पेटी आपला उशीर घालते, आणि सबच्या जागेपासूनचं अंतर या सगळ्याला धरत नाही. म्हणून 'सब सुरू केला की बेस कमी' हे टेपने डिले भरलेल्या गाड्यांतलं अगदी नेहमीचं दुखणं आहे. छेद ८० हर्ट्झचा असेल तर ५० ते १२० हर्ट्झपुरती पिंक नॉइज लावा. डोक्याच्या जागी मायक्रोफोन ठेवा, दोन्ही मिडबास आणि सब चालू ठेवा, आणि सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा. आता छेदाच्या जागी खड्डा जास्तीत जास्त खोल होईपर्यंत डिले हलवा. सब आधीच शून्यावर असेल, तर पुढच्या सगळ्या स्पीकरांचा डिले एकत्र, सारखाच वाढवा. खड्डा सगळ्यात खोल झाला की सबची पोलॅरिटी सरळ करा. कमाल बेरीज शोधण्यापेक्षा कमाल खड्डा शोधणं सोपं, कारण खड्डा आलेखावर टोकदार दिसतो आणि बेरजेचा माथा बोथट. हे जुळलं की बेस डिकीतून न येता पुढून येऊ लागतो. या कामात मला सगळ्यात जास्त समाधान देणारा क्षण हाच आहे.

इक्वलायझरबद्दल थोडक्यातच लिहितो. मायक्रोफोन एका बिंदूवर ठेवून मोजू नका. पिंक नॉइज चालू ठेवून डोक्याच्या आसपासच्या जागेत तो हळूहळू फिरवत सरासरी घ्या, कॅलिब्रेशन फाइल (त्या मायक्रोफोनची चूक भरून काढणारी) लावून, दारं-खिडक्या आणि पंखा बंद ठेवून. ऑटो ट्यून इथेच फसतं. एकाच बिंदूवर दिसणारे खड्डे ते भरायला जातं. दोन लाटा एकमेकींना खात असतील तर खड्डा वाढवून भरत नाही, कारण दोन्ही लाटा सारख्याच वाढतात. ६ डेसिबल वाढवणं म्हणजे ॲम्पकडून चौपट वॉट मागणं. उंचवटे कापा, अरुंद खोल खड्डे सोडून द्या. आधी डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींशी जुळवा, विशेषतः ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये एक-दोन डेसिबलच्या आत. नाहीतर सूर चढला-उतरला की गायक डॅशबोर्डवर इकडून तिकडे फिरतो. बेस मधल्या पट्ट्यापेक्षा ८ ते १० डेसिबल वर आणि ट्रेबल हळूहळू उतरता, हा गाडीत कानाला बरा वाटणारा आकार. त्यापुढे तुमची आवड.

राहिलेल्या काही तक्रारी पुढे येतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. गाडी सुरू करताना डीएसपी बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर क्रँकिंगला (स्टार्टर फिरताना) व्होल्टेज फार खाली जातं आहे. बॅटरी आणि जोड आधी तपासा. चालू-बंद होताना ठोका ऐकू येत असेल, तर ॲम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) हेड युनिटवरून न घेता डीएसपीच्या रिमोट आउटपुटवरून घ्या. मग ॲम्प डीएसपीनंतर जागे होतात आणि त्याच्या आधी झोपतात. सब बसवल्यावर गाडी चालताना कधीकधी खोल घुमघुम येऊन जात असेल, आणि गाडीत मूळ ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन असेल, तर त्याचे छतातले मायक्रोफोन तुमचा बेस इंजिनाचा आवाज समजून त्याच्याशी भांडत आहेत. ती यंत्रणा त्या गाडीच्या पद्धतीने बंद करावी लागते.

आणि पुढे कधी ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या केबलने येणारा डिजिटल सिग्नल) वापरणार असाल, तर त्यावर हेड युनिटचा व्हॉल्यूम बहुधा चालत नाही, सिग्नल पूर्ण पातळीने येतो. पहिल्यांदा जोडताना डीएसपीचा मास्टर व्हॉल्यूम तळाला ठेवा आणि ट्विटरचे आरसीए काढून ठेवा, अगदी सुरुवातीला काढले होते तसेच.